पंचेचाळिशीत नोकरीतून मोकळं व्हायचंय? आधी वर्षाचा खर्च लिहा

२००१ साली बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. एकरकमी पैसे आले, घरी पेढे आले आणि पुढच्या आयुष्याचं सगळं गणित एका ओळीत मांडून झालं: ठेवीवर दहा टक्के व्याज, त्यात घर चालेल. घर किती रुपयांत चालतं हे मात्र कुणीच लिहून काढलं नव्हतं. त्याच काळात व्याजदर घसरत होते. पीपीएफचंच, म्हणजे सरकारच्या पंधरा वर्षांच्या बचत खात्याचंच बघा. २००० च्या जानेवारीपर्यंत त्यावर १२ टक्के मिळत होते, २००३ च्या मार्चमध्ये ते ८ टक्क्यांवर आले. बँकांच्या ठेवींचीही तीच गत झाली. मग बाबांनी 'दोन टक्के जास्त देतात' म्हणून बरेचसे पैसे एका पतसंस्थेत हलवले. ती पुढे बुडाली. चौपन्नाव्या वर्षी बाबा एका भुसार दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागले.

मी स्वतः हिशेब खात्यात नोकरी करते, नवरा कारखान्यात आहे, आम्ही नाशिकला राहतो. बारा वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की मी सेहेचाळिसाव्या वर्षी आणि त्याने पन्नाशीच्या आत नोकरीतून मोकळं व्हायचं. अजून पाच वर्षं आहेत. वाटेत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते. पगारदार माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. शेती किंवा धंदा असेल तर उत्पन्नाचा भाग बदलेल, खर्चाचा तोच राहील.

पहिलं काम: एका वर्षाची वही

गुंतवणुकीचं नंतर बघू. आधी एक दोनशे पानी वही घ्या, किंवा मोबाईलवर एक्सेल उघडा. रात्री जेवणं झाली की दिवसभराचा खर्च लिहायचा. पाच मिनिटं लागतात. यूपीआयमुळे निम्मा खर्च फोनमध्येच सापडतो. रोखीचे दूध, भाजी, रिक्षा, फुलपुडी तेवढे आठवून लिहावे लागतात.

पहिल्या दोन महिन्यांवरून काहीही ठरवू नका. आम्हाला वाटायचं की महिन्याला ३५ हजार लागतात, कारण साध्या महिन्यात खरंच तेवढेच जायचे. वर्षाअखेर बेरीज आली ५ लाख ८८ हजार, म्हणजे महिन्याला ४९ हजार. मधले १४ हजार कुठे गेले? गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, घरपट्टी, शाळेची फी, गणपतीत गावी जाणं, दिवाळीचे कपडे, तीन लग्नांतले आहेर, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, बंद पडलेलं वॉशिंग मशीन. यातली एकही गोष्ट 'दर महिन्याची' नव्हती आणि असं एकही वर्ष गेलं नाही की यांपैकी काही आलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर या एकदाच येणाऱ्या खर्चांची वेगळी यादी करा. लोकांचा अंदाज फसतो तो याच पानावर.

दुसरं काम: किती जमले म्हणजे पुरे?

वर्षाच्या खर्चाला ३३ ने गुणा.

हा ३३ कुठून आला ते सांगते, कारण इंटरनेटवर सगळीकडे २५ वाचायला मिळेल. विल्यम बेंगेन या अमेरिकन नियोजकाने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून हिशेब मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तरी पैसे ३० वर्षं पुरतात, असं त्यातून निघालं. ४ टक्के म्हणजे खर्चाच्या २५ पट. पण ते आकडे अमेरिकेचे आणि मुदत ३० वर्षांची. आपण पंचेचाळिशीत थांबलो तर ४०-४५ वर्षं काढायची आहेत आणि इथली महागाईही जास्त आहे. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच ४ टक्के आहे, वर-खाली दोन टक्के धरून. म्हणून मी ३ टक्केच धरते, म्हणजे ३३ पट. कुणी ३० पट म्हटलं तर भांडणार नाही. २५ वर मात्र मी नोकरी सोडणार नाही.

आमचा खर्च आता कमी करत वर्षाला ५ लाख ४० हजारांवर आलाय. गुणिले ३३, म्हणजे सुमारे १ कोटी ७८ लाख. हा आकडा आजच्या किमतीतला आहे. ६ टक्के महागाईने खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो, त्यामुळे बारा वर्षांनी याच जगण्याला सुमारे ३ कोटी ५९ लाख लागतील. हा फुगलेला आकडा बघून लोक घाबरतात आणि नाद सोडतात. त्यापेक्षा दरवर्षी वही बंद करताना त्या वर्षीच्या खर्चाला ३३ ने गुणायचं, म्हणजे महागाई आपोआप धरली जाते.

मुलांचं शिक्षण यात धरू नका, त्याचा डबा वेगळा. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं आहे. ते ती दहा वर्षांची होण्याआधी उघडावं लागतं आणि वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. राहतं घरही यात धरू नका, कारण त्याच्या विटा विकून भाजी आणता येत नाही.

आता याच गुणाकाराची दुसरी बाजू बघा, मला ती सगळ्यात मोलाची वाटते. महिन्याचा १,००० रुपयांचा कायमचा खर्च कमी झाला की लागणारी रक्कम जवळपास ४ लाखांनी कमी होते. शिवाय ते हजार रुपये दर महिन्याला गुंतवायलाही मिळतात. ४९ हजारांवरून ४५ हजारांवर येताना आमचं लक्ष्य सुमारे १६ लाखांनी जवळ आलं. पगारवाढीने एवढं कधी झालं नव्हतं.

किती वर्षं लागतील, हेही पगारापेक्षा पगारातला किती भाग उरतो यावर ठरतं. शून्यापासून सुरुवात केली आणि महागाई वजा जाता ४ टक्के परतावा धरला, तर उत्पन्नाच्या २० टक्के वाचवणाऱ्याला ३३ पट जमवायला सुमारे ४७ वर्षं लागतात. ३० टक्क्यांना ३६, ४० टक्क्यांना २८, ५० टक्क्यांना साडेएकवीस आणि ६० टक्क्यांना १६. महिना दोन लाख कमावून पावणेदोन लाख खर्च करणाऱ्याला या हिशेबात जागाच नाही. साठ हजारांत तीस वाचवणाऱ्याला आहे.

तिसरं काम: मोठे खर्च आधी, चहा सर्वात शेवटी

काटकसर म्हटलं की लोक चहा आणि सिनेमा बंद करतात, चार महिन्यांत वैतागतात आणि सगळं सोडून देतात. आधी घर, गाडी आणि समारंभ बघा.

५० लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो सुमारे ४३,४०० रुपये. वीस वर्षांत मिळून १ कोटी ४ लाख भरले जातात. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि फर्निचर वेगळं. तसाच फ्लॅट भाड्याने किती रुपयांत मिळतो ते तुमच्या भागात चौकशी करून बघा. आम्ही सात वर्षं भाड्याने राहिलो, फरकाचे पैसे गुंतवले आणि मग जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा लिफ्ट नसलेला दोन खोल्या-किचनचा फ्लॅट घेतला, निम्म्याहून जास्त पैसे रोख देऊन. नातेवाइकांनी नावं ठेवली. स्वतःचं घर असावं असं मलाही वाटतं, पण बिल्डरच्या सँपल फ्लॅटमध्ये उभं राहून त्याचा आकार ठरवू नये.

गाडीचा नियम आमच्याकडे साधा आहे: कर्ज काढून घ्यायची नाही आणि दहा वर्षांच्या आत बदलायची नाही. समारंभांचं थोडं अवघड असतं, कारण तिथे माणसं दुखावतात. आहेराची वर्षाची रक्कम आम्ही जानेवारीतच बाजूला काढतो आणि तेवढ्यातच बसवतो. डोहाळजेवण, बारसं, मुंज यांना स्वतः जातो, हाताने मदत करतो. त्याची आठवण पाकिटापेक्षा जास्त राहते.

स्वयंपाकघराबद्दल थोडं सविस्तर सांगते. माझ्या आईसारखं आम्ही अजूनही उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन क्विंटल लोकवन, एक कट्टा इंद्रायणी आणि तुरीची डाळ येते. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून गहू दोन उन्हं तापवायचे, पूर्ण गार झाले की तळहाताला एरंडेल लावून हलक्या हाताने चोळायचे आणि कोठीत थराथरात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालायचा. गहू गरम असतानाच भरले तर आत घाम धरतात आणि पावसाळ्यात सोंडे होतात, तेवढं सांभाळायचं. किलोमागे सात-आठ रुपये सुटतात, म्हणजे वर्षाला फार मोठी रक्कम नाही. मोठी बचत वेगळीच होते. वाणसामानासाठी दर महिन्याला मॉलमध्ये जाणं बंद झालं आणि तिथून ट्रॉलीत येणाऱ्या न लिहिलेल्या वस्तूही बंद झाल्या. आमच्या वहीत तो फरक महिन्याला दोन हजारांच्या पुढे आहे.

कुठे कापलं नाही तेही सांगते: दूध, फळं, पुस्तकं आणि आई-वडिलांची औषधं. जी काटकसर घरातल्या एकाच्याच जिवावर येते ती टिकत नाही, म्हणून दोघांनाही महिन्याला ठरावीक हातखर्च आहे आणि त्याचा हिशेब कुणी विचारत नाही.

चौथं काम: कुंपण

शेअर बाजारात एक रुपया टाकण्याआधी चार गोष्टी करायच्या.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा. त्यावर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज जातं, तेवढा परतावा कुठलीच गुंतवणूक देत नाही.

सहा महिन्यांचा खर्च बँकेत मुदत ठेवीत ठेवा. बँकेत असं मुद्दाम म्हणते. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे आणि त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्थेला हा विमा नाही. बाबांच्या अनुभवानंतर आमच्या घरात हा नियम पाळला जातो आणि कुणी कितीही ओळखीचं असलं तरी मोडला जात नाही.

टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा आयुर्विमा घ्या, कमावणाऱ्या प्रत्येकाचा. रक्कम ठरवायला तुमचा ३३ पटीचा आकडा घ्या, त्यात कर्ज मिळवा आणि आजवर साठलेलं वजा करा. मुदत ऐंशी वर्षांपर्यंत ओढू नका. पुरेसे पैसे जमले की विम्याची गरज संपते. विमा आणि बचत एकत्र करणाऱ्या पॉलिसींचे हप्ते आणि शेवटी मिळणारी रक्कम मांडून खरा दर काढा, बहुतेक वेळा तो ५-६ टक्के निघतो.

आरोग्य विमा स्वतःचा वेगळा घ्या, कंपनीचा असला तरी. ज्या दिवशी नोकरी सोडाल त्या दिवशी कंपनीचं छत्र जातं आणि पंचेचाळिशीत रक्तदाब किंवा साखर निघाली असेल तर नवी पॉलिसी घेताना त्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ही वर्षं नोकरीत असतानाच काढून टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे पुढे ढकलायला तेही कारण उरलेलं नाही.

पाचवं काम: पैसे कुठे?

आमचे चार कप्पे आहेत.

पीएफ पगारातून जातोच. नोकरी बदलताना तो काढून खाऊ नका, नव्या खात्यात वळवा. माझ्या ओळखीत दर वेळी पीएफ काढून बाईक, फ्रीज घेणारी माणसं आहेत आणि पंधरा वर्षं नोकरी करून त्यांच्या हातात काही नाही.

पीपीएफमध्ये दोघांच्या नावे वर्षाला प्रत्येकी दीड लाखापर्यंत. दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि व्याज करमुक्त आहे. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर खात्यात जी सर्वात कमी शिल्लक असेल त्यावर मिळतं. म्हणून वर्षाची रक्कम ५ एप्रिलच्या आत भरा, जमत नसेल तर निदान प्रत्येक महिन्याची ५ तारखेच्या आत. पंधरा वर्षांनी मुदत संपली की पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. तिसाव्या वर्षी उघडलेलं खातं साधारण पंचेचाळिशी-सेहेचाळिशीला मोकळं होतं, हे आमच्या फार उपयोगी पडणार आहे.

तिसरा कप्पा निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात एसआयपी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर निर्देशांकाप्रमाणेच घेणाऱ्या फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम. निफ्टीची सुरुवात ३ नोव्हेंबर १९९५ ला १,००० धरून झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो २६ हजारांच्या वर गेला होता. म्हणजे लाभांश सोडून वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास. पुढेही तेवढेच मिळतील असं मी धरत नाही, मिश्र गुंतवणुकीचा माझा हिशेब १० टक्क्यांचा आहे. फंड घेताना 'डायरेक्ट' योजना घ्या. २०१३ च्या जानेवारीपासून ती सोय आहे आणि त्यात मध्यस्थाचं कमिशन जात नाही. एका टक्क्याने काय होतं? महिना २० हजारांची एसआयपी वीस वर्षं केली, तर १० टक्क्यांनी सुमारे १ कोटी ५२ लाख होतात आणि ११ टक्क्यांनी १ कोटी ७३ लाख. एकवीस लाखांचा फरक, आणि त्यासाठी फक्त एकदा फॉर्म नीट भरायचा आहे. सगळं एकट्याने झेपत नसेल तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला ठरावीक फी देऊन आराखडा करून घ्या. व्हॉट्सॲपवर टिप देणाऱ्याला नंबर ब्लॉक करून उत्तर द्या.

चौथा, लहान कप्पा सोन्याचा, दहा टक्क्यांच्या आत. दागिने यात धरत नाही. ते घालायला असतात, शिवाय मजुरी परत मिळत नाही.

एनपीएसबद्दल, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेबद्दल मला खूप विचारलं जातं. ती योजना मुळात साठीसाठी बांधलेली आहे. लवकर थांबायचं असेल तर मधल्या पंधरा वर्षांचा खर्च त्यातून भागेल असं मी धरत नाही, म्हणून आम्ही तिथे थोडेच ठेवलेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचंही तसंच, तिचं दार सहसा साठीनंतर उघडतं.

सहावं काम: पडझडीची आधीच तयारी

२००८ च्या जानेवारीत ६,३०० च्या आसपास असलेला निफ्टी ऑक्टोबरमध्ये २,५०० च्या आसपास आला. ती जुनी पातळी ठामपणे मागे पडायला २०१४ उजाडलं, म्हणजे सहा वर्षं. २०२० मध्ये जानेवारीत १२,४०० च्या आसपास होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवा उच्चांक गाठला. कोणती पडझड सहा वर्षं चालेल आणि कोणती दहा महिने, हे चालू असताना कळत नाही.

जमवण्याच्या काळात पडझड सोसता येते, पगार चालू असतो आणि एसआयपीला स्वस्तात युनिट मिळतात. मार्च २०२० मध्ये आमच्या खात्यातली रक्कम बघून मला रात्री झोप लागली नव्हती. आम्ही इतकंच केलं की ॲप उघडणं बंद केलं आणि हप्ता चालू ठेवला. खरा धोका नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत असतो. बाजार निम्म्यावर असताना घरखर्चासाठी युनिट विकावी लागली तर ती परत येत नाहीत, पुढे बाजार कितीही वर गेला तरी.

म्हणून सोडायच्या चार-पाच वर्षं आधीपासून आम्ही रचना बदलायला घेतलीय. सहा वर्षांचा खर्च, म्हणजे आमच्यासाठी सुमारे ३२ लाख, बँक ठेवी आणि मुदत संपलेल्या पीपीएफमध्ये राहील. उरलेलं बाजारात. बाजार चांगला असेल त्या वर्षी फंडातून वर्षाचा खर्च काढायचा, वाईट असेल तेव्हा ठेवींना हात घालायचा. सगळंच ठेवीत ठेवलं तर काय होतं ते बाबांच्या वेळी पाहिलंय. शिवाय ७ टक्क्यांच्या ठेवीवर २० टक्के कर गेला की ५.६ उरतात, महागाई कित्येक वर्षी तेवढीच किंवा जास्त असते.

काढतानाच्या कराचंही बघा. इक्विटी फंड वर्षाहून जास्त ठेवला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. ही सवलत माणशी असते, म्हणून दोघांनी आपापल्या पगारातून आपापल्या नावे गुंतवायचं. नवऱ्याने बायकोला पैसे देऊन तिच्या नावे गुंतवले तर उत्पन्न पुन्हा त्याच्याच खात्यात मोजलं जातं.

सोडण्याआधी एक तालीम

गेल्या वर्षी जून ते नोव्हेंबर आम्ही फक्त ठरलेल्या ४५ हजारांत राहिलो. पहिल्या तारखेला तेवढीच रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळवली, दोन्ही पगार थेट गुंतवणुकीच्या खात्यात आणि त्या खात्याचं कार्ड कपाटात. पाच महिने सहज गेले. ऑक्टोबरात दिवाळी आणि गाडीचे टायर एकत्र आले आणि ११ हजार कमी पडले. त्यामुळे वहीच्या शेवटच्या पानावर 'टायर, दर चार वर्षांनी' अशी ओळ वाढली.

तालमीत आणखी एक कळलं. एका शनिवारी नवऱ्याने विचारलं, "नोकरी नसेल तेव्हा सकाळी साडेनऊला तू काय करशील?" मला उत्तर देता आलं नाही. आता मी आठवड्यातून दोन दिवस वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते आणि त्याने एका मित्राच्या शेतावर ठिबकचं काम शिकायला घेतलंय. नोकरी सुटायच्या आधीच त्या वेळेला काहीतरी भरलेलं हवं.

कागदपत्रांची एक फाईल करा: सगळी खाती, पॉलिसी, नॉमिनी आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र. नॉमिनी लावला म्हणजे वारसाचं काम झालं असं समजू नका, मालकी बहुतेक वेळा मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. फाईल कुठे आहे हे घरात दोघांना माहीत हवं.

यंदाही एप्रिलच्या पहिल्या तारखेला आम्ही पीपीएफ भरलं, जुनी वही बंद केली आणि नवीच्या पहिल्या पानावर ३३ पटीचा आकडा लिहिला. शेजारी साठलेली रक्कम लिहिली. ती सध्या लक्ष्याच्या ७१ टक्के आहे. बाबा शेजारी बसून बघत होते. त्यांनी वही हातात घेतली, शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, "यात गावच्या घराचं छप्पर धरलंस का गं?" धरलं नव्हतं. कौलं फेरायला किती येतील ते गवंड्याला विचारून त्या पानावर लिहायचं आहे.